थोरली, मधली, धाकटी आणि सिद्रामप्पा

सिद्रामप्पांनी मला मदत केली. हे पहिल्याच ओळीत लिहून मोकळा होतो, कारण पुढं मी त्यांची बरीच टिंगल करणार आहे आणि वाचणाऱ्यानं मला कृतघ्न म्हणू नये.

तुळजापुरात देवळाकडं जाताना, बांगड्यांच्या दुकानांमागच्या बोळात अप्पांचं दुकान आहे. पाटी झेरॉक्सची. पण झेरॉक्स मागणाऱ्याला ते खुशाल शेजारी पाठवतात. स्वतः ते न चालणाऱ्या सीड्या चालवतात. आणि चालवायच्या आधी हुंगतात. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, नाकाशी सीडी, डोळे मिटलेले. बाजारात खरबूज पारखावं तसं. मग निदान येतं. "डांबरगोळ्याजवळ व्हती." "हिच्यावर कुणीतरी चहाचा कप ठिवत व्हतं. जावई असंल."

माझी सीडी हुंगली आणि त्यांनी डोळे उघडले. "हळद?"

हळदच होती.

मी मूळचा ढोकीचा. आठवीत शाळा सोडली. आता तमिळनाडूत तिरुपूरला बनियनच्या कारखान्यात इस्त्री मारतो. दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा मी रेल्वेत होतो. पोचलो तर सगळं उरकलेलं. फोनवर ती कधी धड बोललीच नाही. "व्हय. व्हय. जेवलास का? ठिवू?" संपलं. तिचा आवाज कुठं उरला असेल तर ताईच्या लग्नाच्या सीडीत. लग्न तुळजापुरातच झालेलं, शूटिंग अप्पांचं.

ती सीडी वहिनीनं खंडेनवमीला कोयता-खुरप्यांच्या रांगेत मांडली. आत सासूबाई आहेत ना! चकाकतं तेच तोंड असं ठरवून त्याच बाजूला हळदकुंकू वाहिलं. मी रजेवर येऊन सीडी मागितली, तेव्हा दिराच्या हातात अशी घाण कशी द्यायची म्हणून राख आणि काथ्या घेऊन परातीसारखी घासली. "बघा भावजी, कशी लख्ख केली!"

अप्पांनी हे सगळं ऐकून घेतलं. "बाईचं मन लई चांगलं हाय. हात तेवढं बांधून ठिवा."

"अप्पा, पार खराब झाली का हो?"

"खराब तुझं तोंड! सीडी खराब होत न्हाय. रुसती."

रुसलेलीला मनवायला त्यांच्याकडं तीन बायका आहेत. म्हणजे सीडी वाचायची तीन यंत्रं, मेलेल्या कॉम्प्युटरांमधून उपटून गोणपाटावर मांडलेली. नावं थोरली, मधली, धाकटी. अप्पांच्या म्हणण्यानुसार या सख्ख्या जावा. थोरली कडक, ओरखडा दिसला की सीडी तोंडावर फेकते. मधली हळू, पण चिवट. धाकटी समजूतदार, फक्त लवकर तापते, मग तिच्यावर पंखा सोडायचा. "एकीला जे दिसत न्हाय त्ये दुसरीला दिसतंय," अप्पा म्हणाले. "आपण तिघींच्या चहाड्या गोळा करायच्या. जुळवल्या की लगीन तयार."

आधी त्यांनी सीडी पुसली. मऊ फडकं, मधून कडेकडं, सरळ रेघेत. मी मदतीला म्हणून गोल फिरवून दाखवायला गेलो, तर हातावर चापट बसली. "भाकरीला तूप लावायलायस का?" नंतर ओरखड्यांवर दात घासायची पांढरी पेस्ट. ती अर्धी संपली.

माझी गाडी सोमवारची. मी शुक्रवारी गेलो, शनिवारी गेलो, रविवारी दुकान उघडायच्या आधी पायरीवर. दर अर्ध्या तासाला विचारायचो, "अप्पा, किती झालं?"

"इस्त्रीवाला ना तू? घाई केली की कापड जळतंय का न्हाय?"

"जळतंय."

"मग गप बस. आन् चहा तिकडं लांब बसून पी."

मी लांब बसून प्यायलो. हे जमलं नाही तर आईचा आवाज कायमचा गेला, आणि तोही आमच्याच घरच्या काथ्यानं.

रविवारी दुपारी अप्पांनी बोटानं बोलावलं. पडद्यावर मांडव आला, पण चौकटी चौकटींचा. दाजींचं डोकं ताईच्या हारात अडकलेलं. बँडवाला तोतरा झालेला. मग चूल, भलं मोठं पातेलं आणि आई. कॅमेऱ्यामागून तरुण अप्पा म्हणत होते, "मावशी, दोन शब्द बोला की."

"कसलं दोन शब्द? बाजूला व्हय मुडद्या, वरण उतू चाललंय! आन् आमच्या बारक्याला हाक मारा कुणीतरी, सकाळधरनं उपाशी हाय त्ये."

बारक्या म्हणजे मी.

"मुडदा म्हंजी मी," अप्पा छाती काढून म्हणाले. मी रडत होतो, हसतही होतो, शर्टाच्या बाहीची वाट लागली होती. त्यांनी तेवढा तुकडा माझ्या मोबाईलमध्ये घालून दिला. पाया पडून मी उठलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "थांब. म्होरलं ऐकायचं ऱ्हायलंय."

पुढं चित्र नव्हतंच. काळा पडदा आणि पंगतीचा गलका. अप्पांनी खुर्ची ओढून कान स्पीकरला लावला. गलक्यातून एक बाई ओरडली, "री... वायर बघा, री!"

त्यांनी मागं घेतलं. पुन्हा लावलं. पुन्हा.

कन्नडमध्ये नवऱ्याला 'री' म्हणतात, आपल्या 'अहो'सारखं. ती त्यांची बायको, गंगाबाई, अक्कलकोटकडची. प्रत्येक लग्नात अप्पांचा लाइट तीच धरायची. आता तिला जाऊन बरीच वर्षं झाली. मूळ टेपा अप्पांनी त्या वेळी पुसून पुढच्या लग्नांना वापरल्या. राहिल्या त्या लोकांच्या घरातल्या सीड्या.

"एवढ्या बायका काढल्या कॅमेऱ्यात," ते पडद्याकडं बघत म्हणाले, "हिला एकदाबी म्होरं उभी केली न्हाय. उजेड कोण धरणार व्हतं मग?"

तो एवढासा आवाज त्यांनी वेगळा करून ठेवला. तिथं, इतरांच्या सीड्यांतून काढलेले, तिचे तसे आणखी थोडे होते. फार नव्हते.

मी आता तिरुपूरला आहे. जेवणाच्या सुट्टीत ढोकीला फोन लावतो. अप्पांनी ज्यांची लग्नं कॅमेऱ्यात काढली ती घरं शोधतोय. कुणी सीड्या ज्वारीत पाखरं भ्यावीत म्हणून टांगल्यात, कुणी ट्रॅक्टरच्या आरशाला. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, फेकू नका. पुढच्या रजेत दारोदार फिरून एकूण एक गोळा करीन आणि सिद्रामप्पांच्या गोणपाटावर नेऊन ओतीन.