धाकू बोक्याचा ठिपका

त्या दिवशी आभाळ धुतल्या ताटासारखं लख्ख होतं. ढग नाही, धुकं नाही. वारा जमिनीवरून समुद्राकडे हळूहळू चालला होता. अशा दिवशी कुणावर काही संकट येईल असं वाटत नाही. पण संकट कधी आभाळ बघून घराबाहेर पडतं का, बाळांनो?

तर एका जंगलात, जिथे झाडं संपतात आणि खारं पाणी सुरू होतं, तिथे धाकू नावाचा रानबोका राहायचा. त्याला मासळी फार आवडायची आणि पोहता मुळीच यायचं नाही. म्हणून त्याने एक लहानशी होडी केली होती. त्या दिवशी ती नवीन यंत्रं घेऊन पहिल्यांदाच पाण्यात उतरली.

यंत्रांचा हट्ट त्याच्या बायकोचा, सखूचा. "घरात तीन पिल्लं आहेत," ती म्हणाली होती. "होडीवर बोलायचं यंत्र लावा, दिसायचं यंत्र लावा. मगच पाण्याकडे बघा."

मग धाकू कोल्हेशेठच्या दुकानात गेला. कोल्हेशेठने दोन वायरलेस पुढ्यात ठेवले. एक बारका, एक मोठा.

"मला काय, शेजाऱ्याला हाक पोचली म्हणजे झालं," धाकू म्हणाला.

"मग मोठाच घे. हल्ली शेजाऱ्यापर्यंत पोचायलाच जास्त ताकद लागते."

"आणि पाण्यात पडला तर?"

"तरंगतो."

"मी नाही तरंगत, शेठ."

"हमी सेटची आहे. तुझी नाही."

मग ठिपक्याची यंत्रं निघाली. त्यातही दोन जाती. एकात दुसऱ्यांच्या होड्या आपल्याला दिसतात, आपण कुणाला दिसत नाही. दुसऱ्यात आपणही दिसतो. घरोघरीच्या पडद्यांवर आपल्या नावाचा ठिपका चालत राहतो. धाकूने पिल्लांचे चेहरे आठवले आणि दुसरं उचललं.

"शहाणा आहेस," कोल्हेशेठ म्हणाला. "आता अख्खं जंगल तुझ्यावर नजर ठेवील."

कोल्हा असून तो खोटं बोलला नाही, बाळांनो. तसंच झालं.

तर त्या लख्ख दिवशी, दुपारी, जाळं होडीच्या पंख्यात गुंतलं. इंजिन घरघरलं आणि गप्प झालं. नांगर टाकला, तो तळाला पोचेना. पाण्याची ओढ होडीला घेऊन समुद्रातल्या काळ्या खडकांकडे निघाली.

धाकूने वायरलेस तोंडाशी धरला. "अस्वलतात्या, मी धाकू बोलतोय. पंखा बंद पडलाय. खडकाकडे चाललोय. लवकर या."

अस्वलतात्या म्हणजे त्याचे शेजारी. भिंतीला भिंत लागून गुहा.

"दिसतोयस, दिसतोयस," तात्या म्हणाले. "तुझा ठिपका अगदी ठळक आहे. घाबरू नकोस."

"अहो, खडक जवळ आलाय."

"तोही दिसतोय."

मग रानडुक्कर मध्ये बोललं, "धाकूभाऊ, यंत्र झकास आहे बरं का." माकड म्हणालं, "आत्ता जरा डावीकडे सरकलास बघ." मुंगशिणीने पोरंबाळं गोळा करून पडद्यासमोर बसवली. सगळं जंगल डोळ्यांत तेल घालून बघत होतं. त्यामुळे कुणाला जागचं हलता येईना. हललं तर नजर चुकली असती.

सखू दारोदार धावत होती. "कुणीतरी जा हो."

"जायचं कशाला, वहिनी?" डुक्कर म्हणालं. "बसा. इथून छान दिसतं."

इकडे खडकावरचा पांढरा फेस धाकूच्या मिशांवर उडायला लागला. त्याने सखूचं नाव घेतलं, एकेका पिल्लाचं घेतलं. मग त्याला लाज वाटली. बुडायचंच असेल तर निदान एवढ्या मंडळींच्या देखत नको, असं म्हणून त्याने ठिपक्याचं यंत्र बंद केलं.

जंगलात एकच गडबड उडाली.

आता त्या किनाऱ्याची रीत अशी, की रग्गड मासळी लागली की जो तो आधी आपला ठिपका विझवतो. जागा दुसऱ्याला कळू नये म्हणून.

"लबाड बोका," डुक्कर म्हणालं. "म्हणे पंखा बंद पडलाय."

घटकाभरात अकरा होड्या खडकापाशी येऊन ठेपल्या. सगळ्यांच्या पुढे अस्वलतात्यांची.

"कुठंय?" तात्यांनी विचारलं.

"काय?"

"मासळी."

"तात्या, मी बुडतोय."

तात्यांचं तोंड उतरलं. मागच्या दहाही होड्यांतली तोंडं उतरली. पण एवढ्या लांब येऊन रिकाम्या हाताने परत कसं जायचं, म्हणून त्यांनी धाकूच्या होडीला दोर बांधला.

तात्पर्य: ते अस्वलतात्यांनीच सांगितलं, होडी काठाला लागताना, धाकूच्या ओल्या पाठीवर पंजा ठेवून: "वेड्या, जिवावर बेतलं की गुपचूप यंत्र बंद करायचं. हाका कसल्या मारत बसतोस? आम्ही काय परके आहोत?"