शमुवेल मास्तरांचा इंच

आमच्या समोरचे शमुवेल मास्तर शिंपी आहेत. सकाळी दुकान उघडलं की आधी प्रार्थना आणि मग टेपची झडती. गळ्यातला टेप काढायचा, वडिलांच्या वेळच्या लोखंडी पट्टीवर अंथरायचा आणि डोळे बारीक करून इंचाला इंच लावून बघायचा. दोन दोऱ्यांइतका जरी फरक दिसला तरी टेप कात्रीखाली. "टेप वापरून ताणत जातो, सर. आन ताणला की खोटं बोलतो." हिंगोलीजवळच्या आमच्या गोरेगावात दुसरेही शिंपी आहेत. आपला टेप किती वर्षांचा आहे हे त्यांना स्वतःलाही सांगता येणार नाही, आणि त्यांची दुकानं झकास चालतात.

मास्तरांचं चालत नाही. शिंप्यानं "उद्या या" म्हणायचं, ही जगरहाटी आहे. गिऱ्हाइकालाही ते ठाऊक असतं. चार-पाच उद्या झाले की शर्ट मिळतो, कुणाचं काही बिघडत नाही. मास्तर सरळ सांगतात, "तुमचं कापड आजून कापलंबी न्हाई. शनिवारी, बराबर चार वाजता." शनिवारी चारला शर्ट तयार असतो. पण पुढचं कापड घेऊन तो माणूस दुसरीकडे जातो.

मापं तर ते गल्लीला ऐकू जातील अशी घेतात. एकदा गावातले एक पुढारी नवा सदरा घट्ट झाला म्हणून भांडायला आले. मास्तरांनी मापांची वही उघडली, त्यांच्या पोटाभोवती टेप गुंडाळला आणि जाहीर केलं, "इंच हाय तितकाच हाय. तुमी तीन इंच पुढं आलाव." तेव्हापासून पुढारी मागच्या गल्लीनं जातात.

"मास्तर, एवढं खरं बोलून मिळतं काय?" मी एकदा विचारलं. मी निवृत्त शिक्षक, मला सकाळी दुसरा उद्योग नाही.

"मिळायचा काय संबंध? देव बदलत न्हाई. त्याला काल खोटं आवडत नव्हतं, आज न्हाई, पुढंबी आवडणार न्हाई. त्याचंच मन रोज फिरलं आसतं, तर बरं-वाईट कशावरून ठरवलं आसतं?"

"म्हणजे देव म्हणजे तुमची लोखंडी पट्टी."

मला वाटलं चिडतील. पण ते खूश झाले. "व्हय. आन आपून टेप."

मी म्हणालो, आमच्या घरचे देव समजूतदार आहेत, नवस बोलून ठेवला की बरंच चालवून घेतात. मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मग मापाला घेऊ नका त्यांला."

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण मास्तरांच्या पत्नी मार्थाकाकू दोन वर्षांपासून विसरायला लागल्या. आधी भाजीतलं मीठ विसरल्या, मग आपलं घर, आणि मग मुलाचं मरण. आशिष त्यांचा एकुलता एक. सहा वर्षांपूर्वी सेनगावच्या रस्त्यावर फटफटीवरून पडला आणि गेला. काकू रोज सकाळी विचारतात, "आशिष आला का वो?" मास्तर मशीन थांबवतात. "न्हाई. आपला आशिष गेला, मार्था. देवाजवळ हाय. तो येणार न्हाई, आपून जाणार हाव त्याच्याकडं." काकू रोज नव्यानं रडतात. समोरच्या घरात माझा चहा गार होतो.

शेवटी मी चिडलो. "काहून छळता काकूंना? नोकरीसाठी पुण्याला गेला म्हणा. तुमच्या देवाचं काय बिघडणार आहे?"

"तिचं समदं हलून राहिलंय, सर. मीबी रोज येगळं बोललो तर तिनं धरावं कशाला?"

माणूस नाही, दगड आहे, असं मी घरी येऊन बायकोला सांगितलं.

एक दिवस मास्तर भल्या सकाळी दोरे-बटणं आणायला हिंगोलीला गेले. काकूंकडे लक्ष ठेवा म्हणून मला सांगून गेले. काकूंनी विचारलं, "आशिष आला का वो?" मी म्हणालो, "संध्याकाळी येतो म्हणालाय." काकू अशा हसल्या की मला माझाच अभिमान वाटला.

तासाभरात विसरतील, असा माझा अंदाज. पण ज्यांना सकाळचा चहा दुपारी आठवत नाही, त्यांनी नेमकं हेच लक्षात ठेवलं. कोंबडी शिजवली, मिठासकट. ठेवणीतली साडी नेसल्या आणि पायरीवर येऊन बसल्या. जीप थांबली की उठून उभ्या राहायच्या. मी चारदा म्हणालो, काकू, आत चला. "येईल की आता," त्या म्हणायच्या. माझ्यात खरं सांगायची हिंमत नव्हती.

पाचच्या जीपमधून मास्तर उतरले. काकूंनी त्यांच्या मागं वाकून बघितलं. "आशिष कुठाय? सर म्हणले, येऊन राहिलाय."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. ते पिशवी ठेवून काकूंजवळ पायरीवर बसले, त्यांचा हात हातात घेतला. "सर चुकले, मार्था. तो येणार न्हाई. आपून जाणार हाव त्याच्याकडं." एवढं बोलून गळ्यातल्या टेपनं ते डोळे पुसू लागले. म्हणजे रोज सकाळी दोघंही रडत होते. मला एकट्या काकूंचंच ऐकू येत होतं. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"कवा जायाचं?" काकूंनी विचारलं.

"ते मला ठाऊक न्हाई."

काकूंनी पदरानं तोंड पुसलं. "मग कोंबडीचं काय करू?"

"सर जेवतील," मास्तर म्हणाले.

मी जेवलो, आशिषसाठी काढून ठेवलेल्या ताटात. काकूंनी दोनदा रस्सा वाढला आणि मी नको म्हणालो नाही.