दुधीची कुंची

महानंदाबाईंच्या गच्चीवरचा दुधी बोटाएवढा झाला की त्याच्या अंगावर डिंकाचा एक थेंब यायचा. मग तो वाकडा व्हायचा, पिवळा पडायचा आणि गळून जायचा. असे बरेच गेल्यावर त्यांनी एका सकाळी वेलासमोर स्टूल टाकलं आणि नुसतं बघत बसल्या. तेवढी फुरसत त्यांना होती. नवरा वीरण्णा जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा रविकिरण आणि सून मंजुश्री हैदराबादला होते. औशाच्या त्या घरात दिवसभरात आवाज करणारं असं काही असेल तर ते कुकर, आणि तोही एका माणसाच्या भाताला एकदाच शिटी द्यायचा.

बसल्या बसल्या त्यांना माशी सापडली. पिवळसर, बारीक कंबरेची. ती कोवळ्या फळावर उतरली, मागचं टोक सालीला टेकवलं, जरा थांबली आणि उडाली. थोड्या वेळाने तिथे डिंकाचा थेंब आला.

बाई तडक गुरुलिंगच्या बियाण्यांच्या दुकानात गेल्या.

"काकू, फवारा न्या. मारला की साफ," गुरुलिंग म्हणाला.

"मग खायचा कवा?"

"आठ दिवस हात लावायचा न्हाई."

"आठ दिवसांत दुधी जून होतोय."

"मग खाऊ नका."

"खायचाच न्हाई, तर वाचवू कामून?"

गुरुलिंग दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला आणि महानंदाबाई घरी येऊन शिलाई मशीनपाशी बसल्या. त्यांनी विचार केला तो असा. फळाला असं काहीतरी घालायचं की माशी आत जाणार नाही, पण वारा जाईल. कापड मऊ हवं, कोवळी साल खरचटता कामा नये. आत वाढायला जागा हवी, आणि वरून नाडी. या सगळ्या अटींत बसणारी एकच वस्तू त्यांच्या हाताला येत होती. ती म्हणजे कुंची. डोक्यापासून पाठीपर्यंत जाणारी, मागे चुण्या, गळ्याशी नाडी. रविकिरणच्या वेळी शिवली होती, त्यानंतर गल्लीतल्या निम्म्या पोरांना शिवून दिली होती. कापडासाठी त्यांनी ट्रंकेतलं वीरण्णांचं धोतर काढलं. धुऊन धुऊन ते इतकं विरळ झालं होतं की त्यातून उजेड यायचा, माशी मात्र येणार नव्हती. कुंच्या तयार झाल्यावर त्यांनी त्या कडुलिंबाच्या पाण्यात उकळल्या आणि दोरीवर ओळीने वाळत घातल्या.

म्हणजे औशात तान्ह्या बाळासाठी जे कापड घेतात, ते जसं बेततात आणि ज्या पाण्यातून काढतात, ते सगळं जसंच्या तसं दोरीवर आलं. वेल होता पाण्याच्या टाकीच्या मागे. दोरी होती पुढे, शेजारच्या फरीदाभाभींच्या गच्चीसमोर.

फरीदाभाभींनी दोरी पाहिली आणि काही विचारलं नाही. गल्लीचा तसा नियम होता आणि त्यावर दोन्ही धर्मांच्या बायकांचं एकमत होतं. तिसरा महिना सरेपर्यंत विचारायचं नाही. विचारलं की नजर लागते. जी गोष्ट विचारून पडताळता येत नाही, ती फार लवकर खरी होते. दुपारी भाभी लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन आल्या.

"अक्का, हैदराबादला कुनी जानारं असलं तर देऊन टाका. मंजुश्रीला आंबट लागत असंल आता."

महानंदाबाईंनी बरणीकडे पाहिलं. मग खिडकीतून दिसणाऱ्या दोरीकडे पाहिलं. सगळं लक्षात यायला त्यांना फार वेळ लागला नाही.

"भाभी, त्याचं असं हाय..."

"कुछ बोलू नका. मी विचारलंय का?" फरीदाभाभींनी कानावर हात ठेवले आणि चटईवर ऐसपैस मांडी घातली. "चहा टाका. आज लई दिवसांनी बसले बगा तुमच्याकडं."

लई दिवसांनी म्हणजे वीरण्णांच्या वर्षश्राद्धानंतर पहिल्यांदाच. महानंदाबाईंनी चहा टाकला. चहा उकळला की सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. उकळल्यावर ठरवलं, गाळला की सांगायचं. तोवर भाभी मस्कतला असलेल्या आपल्या मुलाबद्दल, हारिसबद्दल, बोलायला लागल्या होत्या. त्यानं घेतलेली गाडी, न झालेलं लग्न, फोनवर पाच मिनिटांत "अम्मी, रखता हूँ" म्हणणं. कपबशी रिकामी झाली तरी विषय संपला नाही. बाईंनी खोटं असं एक अक्षर उच्चारलं नव्हतं. नुसतं खरं बोलायचं राहून गेलं.

सुनेचा विषय त्यांच्यासाठी साधा नव्हता. गेल्या दिवाळीला चार पाहुण्यांसमोर त्या हसत म्हणाल्या होत्या, "पुढच्या दिवाळीला पाट एक जास्ती मांडावा लागंल ना गं?" मंजुश्रीने हातातलं ताट खाली ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेली. त्या दिवसापासून रविवारी फोन यायचा तो फक्त रविकिरणचा. "ती कामात हाय, आई." पुन्हा कधी विचारायचं नाही, असं बाईंनी ठरवून टाकलं होतं. सून परत कधीतरी फोनवर येईल, या एका आशेवर त्यांचा रविवार उभा होता.

दुसऱ्या दिवशी रूपाली आली. समोरच्या घरातली, नव्या लग्नाची. ती डिंकाचे लाडू घेऊन आली आणि शिवण शिकायचं म्हणून बसली. तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्या शिवम्मा आल्या. त्यांना दिसत कमी होतं, पण बातमी दुरून कळायची. "यव्वा, मला काय बी माहीत न्हाई," असं म्हणत त्यांनी घरचं काजळ, बाळगुटीचं सामान आणि आपल्या सगळ्या बाळंतपणांच्या गोष्टी आणल्या. दुपारची चटई आता अंथरलेलीच राहू लागली. कुकरच्या आधी उपम्याची कढई चढू लागली. महानंदाबाई साखर संपली म्हणून किराण्याला गेल्या तेव्हा त्यांना आठवेना, यापूर्वी साखर संपली होती कधी.

अडचण दुधीची झाली. इकडे कुंच्या दोरीवर झुलत होत्या आणि तिकडे माशी फळं टोचत होती. शेवटी एका सकाळी त्यांनी सगळ्या कुंच्या काढल्या आणि टाकीमागे जाऊन दुधींना बांधल्या. फुलाच्या पाकळ्या सुकेपर्यंत थांबायचं आणि मगच बांधायचं, हे त्यांना एक-दोन कळ्या वाया घालवून कळलं होतं. रांगेत लटकलेले, गळ्याशी नाडी बांधलेले दुधी बघून त्यांना हसू आलं. ते हसू कुणाला दाखवावं, ते मात्र सुचलं नाही.

अर्ध्या तासात फरीदाभाभी दारात होत्या. ओढणी खांद्यावरून घसरलेली, चेहरा उतरलेला.

"अक्का, सगळं ठीक हाय ना?"

"हाय की. का?"

"दोरी रिकामी दिसली."

रिकाम्या दोरीचा अर्थ काय होऊ शकतो, ते बाईंच्या ध्यानात आलं. "न्हाई न्हाई. नव्या शिवून राहिले," त्या घाईने म्हणाल्या. त्या दुपारी धोतराचा उरलेला भाग संपला. दोरीवर नव्या कुंच्या आल्या. टाकीमागे दुधी वाढले, त्यांना जुन्या आवळायला लागल्या, मग दुसरं धोतर काढून मोठ्या शिवाव्या लागल्या, आणि वाळत घालायला दोरी तर एकच. शिवम्मांनी डोळे बारीक करून मोठ्या कुंच्या चाचपल्या. "पुढचा बी विचार केलास, बरं केलंस," त्या म्हणाल्या. रूपालीने बाहेर सांगितलं की जुळं असावं.

औशाहून मंजुश्रीचं माहेर, उदगीर, काही फार लांब नाही, आणि बातमीला एसटीची वाट बघावी लागत नाही. उदगीरच्या एका लग्नात मंजुश्रीच्या आईला तीन-चार जणींनी पेढे मागितले.

शुक्रवारी रविकिरणचा फोन आला. फोनचा वार रविवार, म्हणून बाईंनी आधी गॅस बंद केला, मग फोन उचलला.

"आई, तू गावात काय सांगितलंस?"

"मी कुनाला काय बी सांगितलं न्हाई."

"मंजूची आई रडून राहिली. तिला वाटतंय मंजूनं आधी सासरी सांगितलं आणि माहेरला ठेवलं बाजूला."

"आणि मंजू?"

"मंजू कुनाशीच बोलत न्हाई."

महानंदाबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "उद्या येतोत आम्ही," रविकिरण म्हणाला.

ते आले तेव्हा गल्लीने तयारी ठेवली होती. रूपालीच्या हातात निरांजनाचं ताट होतं. फरीदाभाभींच्या हातात झाकलेली खीर होती. शिवम्मांना खुर्ची दिली होती. मंजुश्री उंबऱ्यावर आली, तिने ताटाकडे पाहिलं आणि चप्पलही न काढता सासूकडे बघत उभी राहिली.

"गच्चीवर ये," महानंदाबाई म्हणाल्या. "एकटीच."

टाकीच्या मागे जायला वाट अरुंद होती. दोघी एकामागे एक गेल्या. मांडवाला पांढऱ्या कुंच्या घातलेले दुधी लटकत होते. काही मुठीएवढे, काही हातभर. वाऱ्यावर त्यांची डोकी हलत होती. मंजुश्री हैदराबादला औषधांच्या कंपनीत तपासणीचं काम करायची. एखादी गोष्ट उघडून पाहिल्याशिवाय तिचा विश्वास बसत नसे. ती उकिडवी बसली, एका कुंचीची नाडी सोडली आणि आतलं फळ फिरवून पाहिलं.

"डाग नाही एकही," ती म्हणाली.

"माशी येती. म्हनून शिवल्या."

"आणि या बायका?"

"त्यांनी दोरी बघितली."

"तुम्ही सांगितलं का नाही, आई?"

"सांगनार होते. पहिल्याच दिवशी. पन फरीदाभाभी बसल्या." बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "बसलेल्या मानसाला, आता तू उठून जाशील असं काही, कसं बोलू?"

मंजुश्रीने नाडी परत बांधली. घट्ट नको, सैल नको, अशी. "मला फोन करून विचारायचं तरी."

"तुला काही विचारायचं न्हाई, असं ठरवलंय मी. दिवाळीपासनं."

"दुधीचं विचारायला काय झालं होतं," मंजुश्री म्हणाली आणि दुसरीकडे बघू लागली. मग तिने चाकू मागितला आणि एक मोठा दुधी कुंचीसकट देठापासून कापून सासूच्या हातात दिला.

महानंदाबाई तो घेऊन खाली आल्या. सवयीने त्यांनी तो कोपराच्या घडीत धरला होता. बायका उठून उभ्या राहिल्या.

"बायांनो, हे हाय बगा. दुसरं काही न्हाई, आणि नव्हतंच. तुमाला काय वाटतंय ते मला ठावं होतं. मी बोलले न्हाई. मंजूचा यात काही दोष न्हाई."

रूपालीच्या ताटातलं निरांजन फडफडलं. शिवम्मांना नीट दिसलं नव्हतं. त्यांनी हात पुढे केले, कुंची मांडीवर घेतली, मानेखाली हात दिला आणि म्हणाल्या, "वजनाला चांगलं हाय. पन लई गार लागतंय गं."

आधी हसली ती मंजुश्री. मग रूपाली, पदर तोंडात कोंबून. खीर सगळ्यांनी खाल्ली, कारण खिरीचा काही दोष नव्हता. पण निघताना रूपाली चप्पल घालता घालता एवढ्या हळू आवाजात "येते काकू" म्हणाली की बाईंना पुढचं समजलं.

दुसऱ्या दिवशी लेक-सून गेले. दुधी मंजुश्रीच्या पिशवीत होता आणि कुंचीची नाडी बाहेर लोंबत होती. दुपारी बाईंनी चटई अंथरली, जरा वाट बघितली आणि परत गुंडाळून ठेवली. तिसऱ्या दिवशी अंथरलीच नाही. कुकरने एक शिटी दिली.

पुढच्या रविवारी फोन वाजला. नंबर रविकिरणचा नव्हता.

"आई, भाजी झाली. कुंची कशाने धुवायची? बाल्कनीत कारलं लावलंय, त्याला होईल."

"कडुलिंबाच्या पाल्यात उकळ. पन कारलं लहान, मापाची शिवून देते."

"द्या," मंजुश्री म्हणाली. मग थोडं थांबून, "दुधी किती राहिलेत आता?" असं विचारलं. बाई सांगत बसल्या. फोन पाच मिनिटांहून जास्त चालला.

तो ठेवतात न ठेवतात तोच दार वाजलं. फरीदाभाभी होत्या. काखेत जुन्या मलमलच्या ओढणीची घडी.

"बसा," महानंदाबाई म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्ही रागावल्या."

"कशाला रागवू? मला ठावं होतं की."

"काय?"

"दोरी रिकामी झाली ना, त्याच दिवशी. म्हटलं कुंच्या गेल्या कुठं. आमच्या जिन्याच्या वरच्या पायरीवरनं तुमची टाकीमागची बाजू सगळी दिसती. बघितलं तर बसल्यात दुधी टोपडी घालून."

"पन तुम्ही तर घाबरून आल्या होत्या. तोंड एवढंसं झालं होतं."

"घाबरलेच होते." फरीदाभाभींनी कोपऱ्यातली गुंडाळी स्वतःच उचलली आणि चटई पसरली. "म्हटलं, झालं. आता अक्का खरं सांगून टाकतात. आमचे नजीरमियाँ दिवसभर दुकानात, पोरगी तूबा गेली सासरी, मुदखेडला. मी दुपारी कुठं जाऊ?"

महानंदाबाई चहाचं आधण ठेवायला उठल्या. पाठमोऱ्याच त्यांनी विचारलं, "ओढनी कशाला आनली?"

"माझ्या दोडक्याला पन शिवून द्या. माशी लई झाली."

बाईंनी खिडकीतून शेजारच्या गच्चीकडे पाहिलं. तिथे उन्हात वाळत घातलेली चादर होती आणि एक मोडकी खुर्ची. वेलाचं पानसुद्धा नव्हतं.

"दोडका कुठाय, भाभी?"

"लावीन की," फरीदाभाभी म्हणाल्या आणि मांडी घालून बसल्या. "तुम्ही माप तर घ्या."