उवा वेचायचं गिफ्ट व्हाउचर

एका जंगलात, लेकरांनो, सगळ्या जनावरांच्या अंगात उवा होत्या आणि सगळ्यांच्या हातात मोबाइल. कसं ते विचारू नका. होतं तसं.

त्या जंगलात गुणामावशी नावाची एक म्हातारी वानरीण राहायची. जांभळीखाली तिचं उवा वेचायचं दुकान होतं. अस्वलाच्या झुपकेदार केसांत दडलेली लीखसुद्धा ती डोळे मिटून काढायची. जनावर तिच्यापुढं बसलं, की बसल्याबसल्या घोरायला लागायचं.

पण जंगलाचा एक कायदा होता. ज्या झाडाखाली गिऱ्हाईक नाही, ते झाड दुसऱ्याला. आणि जांभळीवर भुजंगराव तरसाचा डोळा होता. त्याला तिथं खानावळ काढायची होती.

"मावशी, पावसाळा सरला की दरबार भरेल. गाशा गुंडाळून ठेवा," तो येता-जाता म्हणायचा. "हल्ली लोक घरीच कंगवा फिरवतात."

गिऱ्हाईक खरंच आटलं होतं. या वयात झाड गेलं तर मावशीनं जायचं कुठं?

तेव्हा तिच्याकडं राघोजी पोपट आला. हा शहरात पिंजऱ्यात राहून शिकून आला होता, म्हणून जंगलात त्याला साहेब म्हणत.

"मावशी, उवा कसल्या वेचता? उवा वेचायचं गिफ्ट व्हाउचर विका. ऑनलाइन! नवरा बायकोला देईल, सून सासूला देईल."

"अरे मेल्या, सुनेनं उवांचं पाकीट हातात ठेवलं, तर सासू तिच्या झिंज्या उपटील ना!"

"पाकिटावर गुलाबाचं फूल छापू," राघोजी म्हणाला.

फूल छापलं. आणि काय सांगू, उवा झटकाव्यात तशी व्हाउचरं खपली! बारसं असो, साखरपुडा असो, जो उठला तो मोबाइलवर बोट दाबून पाकीट मागवू लागला.

मावशी हरखली. तिनं जांभळीखालची जमीन सारवली, घोंगडी अंथरली, माठ भरला आणि गिऱ्हाइकाची वाट बघत बसली.

कुणी आलं नाही.

का आलं नाही म्हणता? तुमच्या आईच्या कपाटात ब्लाउजपिसं आहेत ना? त्यातलं एक तरी कधी शिवलं का? आत्याकडून येतात, मामीकडं जातात. तसंच झालं. सशानं हत्तिणीला दिलं, हत्तिणीनं सांबराच्या सुनेला, सुनेनं माहेरी. शिवाय जांभळीखाली जाऊन बसायचं म्हणजे आपल्या अंगात उवा आहेत हे चारचौघांत कबूल करायचं. त्यापेक्षा घरात दार लावून खाजवलेलं बरं.

मग एके दिवशी दगडू रानडुक्कर आला. बिचाऱ्याला अगदीच सोसवेना. त्यानं पाकीट पुढं केलं तशी मावशीला गहिवरून आलं.

"बस रे माझ्या राजा, बस!"

दगडू बसला आणि घोरायला लागला. मावशीची बोटं चालू झाली. एक कूस झाली, तोच दगडूची बायको धावत आली.

"अहो, उठा! परवा वन्संकडं वास्तुशांत आहे. मी ते पाकीट जपून ठेवलं आणि तुम्ही वापरायला निघालात? काही जनाची मनाची?"

तिनं मावशीच्या हातातलं पाकीट ओढून घेतलं आणि नवऱ्याला कान धरून नेलं. सगळं जंगल हसलं. "दगड्या आहेर वापरायला गेला!"

पावसाळा सरला. वाघोबा महाराजांचा दरबार भरला.

"मावशी," महाराज म्हणाले, "खपाचं राहू द्या. झाडाखाली गिऱ्हाईक किती आलं?"

"एक डुक्कर आलं, महाराज. तेही अर्धं."

"ऐकलंत?" भुजंगराव उभा राहिला. "झाड माझं!"

मावशीनं मान खाली घातली. तेवढ्यात भुजंगरावाचीच बायको ओरडली, "तुम्ही आधी खाली बसा! आपल्या घरात टोपलीभर पाकिटं पडलीत. दुकानच उठलं तर ती घेणार कोण? धाकटीच्या लग्नात पाहुण्यांना काय देऊ, तुमची हाडकं?"

दरबारात एकदम कालवा झाला. हत्तीण म्हणाली, माझ्याकडं पेटीभर आहेत. ससा म्हणाला, माझं बीळ भरलंय. वाघीणबाईंनी महाराजांकडं नुसतं बघितलं.

महाराज खाकरले. "झाड मावशीचंच राहील. आणि आजपासून कुणीही तिथं उवा वेचायला जायचं नाही. वापरल्यानं आहेराचा अपमान होतो."

टाळ्या पडल्या. सगळ्यांत मोठ्यानं भुजंगरावानं वाजवल्या, कारण बायको बघत होती.

"महाराज, मग मी तिथं बसून करू काय?" मावशीनं विचारलं.

"सकाळी दुकान उघडायचं. संध्याकाळी बंद करायचं."

"आणि मधे?"

महाराज सिंहासनाच्या पाठीला पाठ घासत होते. त्यांच्या मानेवरून एक गलेलठ्ठ ऊ सावकाश चालली होती. मावशीची बोटं शिवशिवली. पण महाराजांना उवा नसतात हे साऱ्या जंगलाला पाठ होतं. मावशीनं हात पदरात गुंडाळले आणि मुजरा केला.

तात्पर्य : लेकरांनो, लोकांना लागणारी वस्तू विकू नका. गरज भागली की लोक दुकान विसरतात. एकमेकांच्या गळ्यात मारता येईल अशी वस्तू विका, म्हणजे वैरीसुद्धा तुमचं दुकान राखतो.