ताशी सव्वादोन मैलांचा नवरदेव

माझ्या लग्नात मोटर मीच हाकायची असं मी ठरवलं आणि डोक्याला बाशिंग बांधून स्टेअरिंगवर बसलो. मॅट्रिकच्या आधीच मी शाळा सोडलेली. उभ्या आयुष्यात एकच परीक्षा पास झालो, ती लायसन्सची. (तिथे निबंध नव्हता.)

सासर नऊ मैलांवर. पण आमचे वडील, दोधू पाटील, वाटेतल्या प्रत्येक सोयऱ्याच्या दारात मोटर थांबवून मिरवत बसले. सहा घरं, सहा चहा. मुहूर्त गेला. शेवटी चिडून मी शहाद्याच्या भर बाजारातून मोटर अशी सोडली की जमादाराने नुसत्या धुळीवरून वेग लिहिला: ताशी तीस मैल.

खटला उभा राहिला. मॅजिस्ट्रेट म्हणाले, "वेग किती, जागा कोणती, कुणाला लागलं का, आधीचा गुन्हा आहे का, एवढं बघून ठरवू. नुसता दंड, की सहा महिने लायसन्स बंद."

दंड बाप भरणार होता. लायसन्स माझं होतं.

माझ्या बाजूने साक्षीला बापच. पण वरात उशिरा पोचली हे कबूल केलं तर पाटलांचं नाक जातं. (आमच्याकडे म्हाताऱ्यांच्या नाकासाठी तरण्यांची मुंडी देतात.)

"वारानी मायक उनी मोटर, साहेब," बाप म्हणाला. "मुहूर्त टळनाच नही."

वाऱ्यासारखी आली म्हटल्यावर जमादार हसला. मी खिशातलं लायसन्स चाचपलं. एवढ्यात मागून माझे सासरे, चुडामण पाटील, उठले. लग्नापासून धुमसतच होते.

"मले शपथ द्या, साहेब. हाऊ खोटं बोली ऱ्हायना. नऊ मैलले चार तास लागनात. बैलगाडीवाला पाव्हणा जेवीसन झोपनात, तवय हाई मोटर उनी."

मॅजिस्ट्रेटनी कागदावर भागाकार केला. "ताशी सव्वादोन मैल. याला वेग म्हणत नाहीत. आरोपी सुटला."

बापाची मान खाली, लायसन्स माझ्या खिशात. कचेरीच्या आवारात मी तीनदा हॉर्न वाजवला आणि तसाच माहेरी गेलेल्या बायकोला, अनुसयेला, आणायला निघालो.

सासऱ्यांनी अनुसयेला बैलगाडीत बसवलं.

"मामा, मोटर शे ना मन्ही."

"कोर्टमा शपथ लिसन सांगेल शे मी. चार तास लावस ती. पोरले अंधार व्हई जाई."

गाडीला मागे टाकणारच होतो, तर वाटेवर जमादार सायकल धरून उभा. हातात घड्याळ.

नऊ मैल बैलांच्या मागे गेलो. पहिल्या गिअरमध्ये इंजिन तापलं, दोनदा उतरून हँडल मारलं. शहाद्याच्या भर बाजारात अनुसयेने गाडीचा पडदा सारला आणि हळूच विचारलं,

"तुम्ही मांगे पडी ऱ्हायनात. बैलस्ले थांबाडू का?"