बारा मडक्यांची तपासणी

दह्याचे नियम मला जेवढे पाठ आहेत तेवढे ते करणाऱ्यांनाही नसतील! शिक्षण दहावी नापास, पण सरकारी नियमावली तीनदा वाचली, तीही पेन्सिलीनं रेघा मारत. पिशवीतल्या दुधाला कुणी विचारत नाही, बाबा तू कुठल्या म्हशीचा? आमच्या दोन म्हशींच्या दह्याला मात्र कागद पाहिजे.

कागद मागितला उदगीरच्या फारूकभाईंनी. पाच वर्षं त्यांच्या मिठाईच्या दुकानात आमचंच दही जातं. ते म्हणाले, "मन्मथ, नोंदणी कर. पुढच्या महिन्यापासून बिगर कागदाचं दही मला ठेवता येणार न्हाई." म्हणजे कागद नाही तर म्हशी थेट बाजारात उभ्या!

नियम सांगतो, दही जनावरांपासून लांब असावं. मी गल्लीपलीकडची कडब्याची खोली रिकामी केली. पांढऱ्या फरश्या बसवल्या, खिडकीला जाळी ठोकली, दारावर 'उत्पादन कक्ष' रंगवलं. बायको रुद्राणी म्हणाली, दही चुलीच्या उबेला लागतं, त्या गारठ्यात न्हाई लागायचं. मी तिला विचारलं, नियमावली कुणी वाचली? तिनं गुमान आपल्या स्वयंपाकघरात विरजण लावलं आणि तपासणीच्या सकाळी बारा मडकी गल्ली ओलांडून माझ्या कक्षात मांडली. मी तेव्हा तपासणीला लातूरहून येणाऱ्या अन्न खात्याच्या स्वप्नाली मॅडमना आणायला एसटी स्टँडवर गेलो होतो.

कक्ष बघून मॅडम खूश झाल्या. दही इथंच लागतं, असं मी छातीठोक सांगितलं. त्यांनी नमुन्यासाठी पहिलं मडकं उघडलं, पळी घातली. वर आला बोराएवढा काळा खडा.

मी म्हणालो, चुकून पडला असंल, दुसरं बघा. दुसऱ्यात खडा. तिसऱ्यात खडा. पाचव्या मडक्याला मॅडम माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जसं मी दही नाही, रस्ता करतोय!

तेवढ्यात माझी आई, आमची अव्वा, कौतुकानं पुढं आली. "कोळसा हाय माय. पांढरं उघड्यावर निघालं की नजर लागती. गल्ली वलांडायची म्हणून बाराच्या बारांत टाकलाव. एक बी सोडलं न्हाई."

"म्हणजे कोळसा हा घटक झाला," मॅडम म्हणाल्या. "लेबलवर कुठाय?"

माझं डोकं फिरलं. आमच्या सात पिढ्या हेच दही खाऊन जगल्या, असं सुनावून मी विचारलं, कोळशाला मनाई कुठल्या पानावर आहे, दाखवा! मॅडमनी माझीच नियमावली उघडून दाखवली. बाह्य पदार्थ नसावा. खाली माझीच पेन्सिलीची रेघ.

मॅडमनी फाईल बंद केली. मला म्हशी बाजाराच्या रस्त्याला लागलेल्या दिसल्या.

दारात उभी रुद्राणी म्हणाली, "मॅडम, दही लागतं चुलीपाशी. घरी खायाचं एक मडकं तिथंच हाय. उंबऱ्याभाईर गेलंच न्हाई. त्यात कोळसा न्हाई."

मॅडम तिच्यामागं गेल्या. घासलेली भांडी पालथी, मडक्यावर धुतलेलं फडकं, गोठा लांब परसात. दूध किती वेळ उकळता, विरजण कधी लावता, हात कशानं धुता, सगळं विचारलं. रुद्राणीनं न अडखळता सांगितलं. मॅडमनी तिथला नमुना घेतला, खिडकीला जाळी बसवा म्हणाल्या आणि चुलीपाशीच पाटावर बसून अर्ज भरायला घेतला. जागा: स्वयंपाकघर. मालक: रुद्राणी.

"आणि मी?" मी विचारलं.

मॅडमनी रुद्राणीकडं बघितलं. "हे काय काम करतात?"

रुद्राणीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"सांगितलं तर मडकी उचलत्यात."

आठवड्यात कागद आला आणि फारूकभाईंचं दही सुरू राहिलं. नियमच आहे, कामगाराला आरोग्याचा दाखला लागतो. म्हणून मी सरकारी दवाखान्यात दोन तास रांगेत उभा राहिलो. डॉक्टरांनी नखं बघितली, जीभ बघितली आणि अर्ज परत दिला. म्हणाले, यावर मालकाची सही नाही.

घरी आलो. मालकीणबाई धार काढत होत्या. थांब म्हणाल्या.