आबांच्या वस्तऱ्याला धार येते

टाके उसवायची छोटी सुरी सापडेना, म्हणून सूनबाईने आबांचा वस्तरा उचलला. गिऱ्हाइकाच्या कोटाला बाही उलटी बसली होती आणि गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. सासरे, म्हणजे आबा, लेकीकडे गेले होते. वस्तरा बेसिनवरच्या कपाटात मऊ फडक्यात तान्ह्या बाळासारखा झोपला होता. प्रवासात धार उतरते म्हणून आबा तो कधी सोबत नेत नसत.

वस्तऱ्याने दोन-चार टाके कसेबसे कुरतडले आणि मग तो अडून बसला. सूनबाईने धारेवर हलकेच बोट फिरवून पाहिलं. धार गेलेली!

या वस्तऱ्याची कीर्ती तिच्या लग्नाच्याही आधीची. "गालावर फिरवला तर गालाला कळत नाही!" असं आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. रोज सकाळी न्हाणीघराचं दार आतून लावून घेत आणि गुळगुळीत गाल घेऊन बाहेर येत. वस्तऱ्याला दुसऱ्या कुणी हात लावायची प्राज्ञा नव्हती. त्यातून येत्या रविवारी त्यांच्या जुन्या छापखान्याचा समारंभ. सर्वांत जुने कामगार म्हणून आबा व्यासपीठावर बसणार होते, आणि या वस्तऱ्याने दाढी करूनच बसणार, हे फोनवर जाहीर करून झालं होतं.

"अहो, मी आबांच्या वस्तऱ्याची धार घालवली."

नवऱ्याने वर्तमानपत्र खाली केलं. "कशाने?"

"कोटाच्या बाहीने."

"हे बघ, मी तेव्हा घरात नव्हतो."

"तुम्ही आत्ता माझ्यासमोर बसलायत!"

"ते तुझं म्हणणं झालं," असं म्हणून त्याने वर्तमानपत्र पुन्हा वर केलं.

हत्यारांच्या दुकानदाराने तिला पाण्यात भिजवून वापरायचे दोन दगड दिले, एक खरखरीत, एक मऊ. वर शिकवणी फुकट. "वस्तरा दगडावर आडवा निजवायचा. पाठ आणि धार, दोन्ही टेकलेल्या हव्यात. उलटताना पाठीवरून उलटायचा. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचा. आणि ताई, जोर लावायचा नाही."

"जोर न लावता धार येते होय?"

"जोर न लावल्यानेच येते. आली की नाही ते हातावरच्या लवेवर फिरवून बघा. लव उडाली पाहिजे."

सूनबाईने आयुष्यात जोर न लावता काही केलं नव्हतं. भांडी, कणीक, संसार, सगळं जोरावर चाललेलं. तिने ओट्यावर दगड मांडला आणि कपड्याचा डाग काढावा तसा वस्तरा घासला. दगडाचा राखाडी चिखल टाइल्सवर उडाला, वस्तरा होता तसाच राहिला. मग पट्ट्यावर फिरवायची पाळी आली. नवऱ्याचा ऑफिसचा पट्टा खिळ्याला अडकवून तिने वस्तरा फिरवला, तोही धार पुढे ठेवून. पट्ट्याला मधोमध खाच पडली. तिने ती बुटाच्या पॉलिशने झाकली.

दुसऱ्या दिवशी नवरा एका हाताने डबा आणि दुसऱ्या हाताने पँट धरून घरी आला.

"साहेबांसमोर तुटला! उठून उभा राहायला आणि तुटायला एकच गाठ!"

"मग? साहेब काय म्हणाले?"

"बसा म्हणाले."

तरी हळूहळू हात बसत गेला. धार मात्र टोकाला येई आणि मध्ये नसे, नाहीतर मध्ये येई आणि टोकाला नसे. तपासता तपासता सूनबाईच्या दोन्ही हातांवर कुठे लव, कुठे टक्कल असं झालं. आपल्या हातावर जागा उरली नाही तेव्हा तिने रात्री झोपलेल्या नवऱ्याच्या हातावर मुलूखगिरी सुरू केली.

शेजारच्या काकूंना सगळी आळी बातमीकाकू म्हणत. त्यांनी वाळत घातलेल्या कपड्यांआडून दोघांचे हात पाहिले आणि दोन पावलं मागे सरकल्या. संध्याकाळपर्यंत आळीत बातमी होती की यांच्या घरात केस गळायची लागण झालीय. पहिल्या संध्याकाळी रिकाम्या हाताने परतलेल्या कोटवाल्या गिऱ्हाइकाने कोट दारातूनच लांब हाताने घेतला. रात्री नणंदेचा फोन आला. "वहिनी, काय गं हे? आबा ऐकतच नाहीयेत. उद्या दुपारी येतायत, डॉक्टरांना घेऊन!"

सकाळी सूनबाई दगडापुढे बसली, पण हात पुढे जाईना. लागणीचं खोटं उघडं पडेल, मग वस्तऱ्याचं खरं. आबा चिडतील याची तिला भीती नव्हती. ते काहीच बोलणार नाहीत आणि फडकं नुसतं घडी घालून ठेवतील, याची होती.

उगीच चाळा म्हणून तिने शिवणाची फूटपट्टी दगडावर उभी धरली. पट्टीखालून मधोमध उजेड दिसला.

"अगं बाई, हा दगडच खोलगट झालाय!"

बाहीत झोल असेल तर कोट कसा बसणार? तिने दगडावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारल्या आणि मागच्या खडबडीत पायरीवर पाणी टाकून तो घासला, सगळ्या रेघा पुसून पट्टीखालचा उजेड जाईपर्यंत. मग वस्तरा निजवला. जोर लावला नाही. लेकरू थोपटावं तसा हलका हात. नवऱ्याच्या नव्या पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून फिरवला आणि कोपराजवळच्या शेवटच्या लवेला लावला. लव आपणहून बाजूला झाली.

तिने ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात बेल वाजली.

डॉक्टरांनी दोघांचे हात भिंगाखाली धरले. दारात बातमीकाकू नाकाला पदर लावून उभ्या.

"हे केस गळलेले नाहीत," डॉक्टर म्हणाले. "कापलेत. आणि हे कोपराजवळचे तर काय सुरेख कापलेत! कशाने?"

सूनबाईने मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. आबा पुढे आले. त्यांनी वस्तरा उजेडात धरला, मग आपल्या मनगटावर टेकवला.

"या वस्तऱ्याने?" ते म्हणाले. "हा कापतो?"

चष्म्यासाठी त्यांनी घाईने पिशवी उलटी केली. चष्म्याआधी प्लास्टिकचे फेकाऊ रेझर बाहेर पडले. एक, दोन, चांगले मूठभर.

नवऱ्याने सवयीने वर्तमानपत्र वर केलं.

"धार लावणारा म्हातारा गेला," आबा रेझर गोळा करत पुटपुटले. "त्यानंतर याच्याने लोणीसुद्धा कापेना. पण इतकी वर्षं सांगत आलो, आता कुठल्या तोंडाने..."

"मग मी घालवलेली धार?"

"नव्हतीच गं. तू आणलीस."

रविवारी सकाळी न्हाणीघराचं दार पहिल्यांदाच सताड उघडं होतं. आबांनी गालावरून वस्तरा फिरवला, थांबले, आरशात सूनबाईकडे बघितलं.

"काय झालं? लागलं?"

"गालाला कळलंच नाही," ते हळूच म्हणाले.

व्यासपीठावर ते भाषणापेक्षा गालांविषयीच जास्त बोलले, असं नवऱ्याने येऊन सांगितलं.

सोमवारी बेल वाजली. दारात बातमीकाकू, हातात विळी, दोन सुऱ्या आणि एक कात्री. मागे त्यांचे यजमान, दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडून.

"धार तपासायला हात लागतो ना?" काकू म्हणाल्या. "आणलाय. भरपूर लव आहे."